हात गुडघ्यावर होते

१२ ऑक्टोबर १९७६

पडली गरज! सात वर्षांनी का होईना, पडली!

दुपारची पाळी सुरू व्हायच्या आधी शिरोलीत फाउंड्रीच्या गेटवर फ्लाइंग क्लबचा शिपाई दादासो सायकल टेकवून उभा. मला वाटलं कुणी गेलं की काय. तर म्हणतो, "निसारभाई, उजळाईवाडीच्या धावपट्टीवर बोलावलंय तुमास्नी. आंधळं खोकं आलंय."

आंधळं खोकं म्हणजे जमिनीवर बसून विमान शिकायची पेटी. कुठल्यातरी भंगारातून क्लबनं उचललीय. आत एक खुर्ची, मांड्यांच्या मधे दांडी, समोर काटे. वरचं झाकण बंद केलं की बाहेरचं काही दिसत नाही. खाली भाते असतात, त्यांच्या हवेवर खोकं झुकतं, वळतं. ढगात शिरल्यावर माणसाची काय गत होते ते जमिनीवरच कळावं म्हणून ही पेटी. आता भाते फाटलेत, बेअरिंग जाम.

"मला कुणी बोलावलं?"

"इंगवले साहेबांनी. म्हनले, निसारच करंल. दुसऱ्याच्या हातचं काम न्हाय."

गणपतराव इंगवले! ज्यानं मला विमानातून उतरवून पुन्हा लेथवर उभं केलं तो गणपतराव! आता निसारच पाहिजे!

येतो म्हणून सांगितलं. दादासोला वाटलं, चांगला माणूस आहे, जुनं विसरला. का हो म्हणालो ते फक्त या वहीला ठाऊक. साप बारा वर्षं डूख धरतो म्हणतात. माझी सातच झालीत.

१३ ऑक्टोबर

मेहमुदानं रात्रीचं राहिलेलं कालवण पुढं ठेवत विचारलं, "जायाचंच हाय का?" मी म्हणालो, जायचंच आहे. ती म्हणाली, "जुनं गळू हाय. नख लावू नका." बायकोला सगळं आधीच कळतं, हा तिचा एकच दोष.

एकदा लिहूनच काढतो. चौकशीत बोललो, घरात बोललो, लिहिलं कधीच नाही.

ऑगस्ट १९६९. दोन माणसांचं विमान, शेजारी शेजारी बसायचं. दोघांपुढं एकेक दांडी, आणि दोन्ही आतून जोडलेल्या. एक हलली की दुसरी हलणार. मी शिकाऊ, तो शिकवणारा. बिद्रीच्या वर आलो आणि ढगात शिरलो. वळण दाखवणारा काटा त्या दिवशी मेला होता – हे त्यानंही कबूल केलंय. बाहेर सगळं पांढरं. तो म्हणाला, "दे माझ्याकडं." मी म्हणालो, "घ्या सर." आणि हात गुडघ्यावर ठेवले.

गुडघ्यावर! अल्लाशपथ, गुडघ्यावर!

मिनिटभरानं मला कळलं, आपण डावीकडं वळतोय. दिसत काही नव्हतं. अंगालाच कळलं. ओरडलो, "सर, डावीकडं!" तो म्हणतो, "सरळ हाय." सरळ! वाऱ्याचा आवाज चढला, आणि मग तो "सोड! सोड!" म्हणून किंचाळायला लागला. कुणाला म्हणत होता कोण जाणे. हात तर माझे गुडघ्यावर. ढगातून खाली निघालो ते तिरके, थेट उसात.

उसानं वाचवलं. मला नुसतं खरचटलं. त्याचा डावा गुडघा गेला, अजून वाकत नाही. बरं झालं.

चौकशीत त्यानं लिहून दिलं – "शिकाऊने सांगूनही दांडी सोडली नाही." एक ओळ. तेवढ्यावर माझं नाव कापलं गेलं. अब्बांनी शिवाजी पेठेत पेढे वाटले होते. मीरासाब टर्नरचा पोरगा विमान चालवणार म्हणून तालमीतल्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं होतं. त्यानंतर अब्बा गल्लीच्या तोंडानं येईनासे झाले, मागच्या बोळातून घरी यायचे. मरेपर्यंत बोळातूनच आले.

ज्याच्या अंगाला वळण कळलं तो नालायक. ज्याला काहीच कळलं नाही तो अजून पोरं शिकवतोय. वा रे न्याय!

१९ ऑक्टोबर

गेलो. तो धावपट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसला होता, डावा पाय समोर सरळ टाकून. केस पांढरे झालेत. उठायला लागला, मी म्हणालो, बसा.

"आलास. बरं वाटलं," म्हणाला.

मी खोक्याभोवती फिरलो. बेअरिंग पाहिलं. भाते पाहिले.

"मीरासाब गेल्याचं कळालतं. यायचं हुतं मला. पन म्हटलं, माझं त्वांड बघून तुमास्नी आनि त्रास."

हो, त्रासच झाला असता. तू आला असतास तर मी तुला दारातूनच परत लावलं असतं. हे मनात. वर म्हणालो, "रविवारपासनं काम सुरू करतो."

२४ ऑक्टोबर

भात्यांसाठी गौसभाईला आणलं. गौसभाई म्हणजे आमच्या गल्लीतला हार्मोनियम दुरुस्त करणारा. विमानाच्या भात्याला पेटीवाला – सगळे हसले. पण भाता तो भाता. त्यानं फाटलेला कपडा बोटांनी चाचपला, कान लावला, आणि म्हणाला, "ह्येचा श्वास जातोय चार ठिकानी. बकऱ्याचं मऊ कातडं लागंल. सूर काढायचा न्हाय न्हवं ह्यातनं?" मी म्हणालो, सूर नाही, पण एकाचा आवाज काढायचाय. त्याला कळलं नाही, तरी हसला.

२६ ऑक्टोबर

गौसभाईच्या लॅम्ब्रेटावर मागं बसून उजळाईवाडी. पोचल्यावर म्हणतो, "लेका, खांदा सोड की आता. मटान न्हाय त्ये." मी धरलाच नव्हता! म्हातारा झाला गौसभाई.

३१ ऑक्टोबर

खोकं फिरलं!

भाते गौसभाईनं असे बसवले की फुंकर जात नाही. बेअरिंग मी फाउंड्रीतून करून आणलं. आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातली – बाहेरच्या बाजूला अब्बांच्या लेथचं जुनं चाक लावलं. बाहेरच्यानं चाक फिरवलं की खोकं वळतं, अगदी हळू, तेलावरून सरकल्यासारखं. चाकापासून एक तार आत दांडीला नेलीय. खोकं डावीकडं वळलं की दांडी केसभर डावीकडं झुकते, खऱ्या विमानात शेजाऱ्यानं हलवल्यावर आपली झुकते तशी.

चाकाला हात लावला आणि अब्बा आठवले. आठ वर्षांचा होतो, स्टुलावर उभं करून लेथ शिकवला. "चाकावरनं हात उचलला की लेथवरचा जॉब बिघडला. भूकंप झाला तरी चाक सोडायचं न्हाय." एकदा कारखान्यात आग लागली म्हणून ओरडा झाला, सगळे पळाले, मी चाक धरून उभा. अब्बांनी बोटं एकेक करून सोडवली. मारलं नाही, पेठेत सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरले.

पहिला बकरा दादासो. आत बसवला, झाकण लावलं, काटे झाकले. हात गुडघ्यावर ठेव म्हटलं. चाक हळूहळू डावीकडं फिरवलं. खोक्यानं दोन पूर्ण फेऱ्या घेतल्या. आतून आवाज – "निसारभाई, सुरू करा की! किती येळ बसू?"

फुटलो मी हसून! मग चाक थांबवलं. खोकं उभं राहिलं. तर आतून ओरडतो, "आता निगालं! उजवीकडं निगालं!" उभ्या खोक्यात!

४ नोव्हेंबर

मजा म्हणून सुरू केलं, आता चटक लागलीय. सुटी मिळाली की शेडमध्ये.

गौसभाई, दादासो, क्लबचे दोन शिकाऊ, कॅन्टीनच्या तानाबाई – सगळ्यांना बसवलं. (तानाबाई आत गेल्या त्या भजन म्हणत, बाहेर आल्या शिव्या देत.) एकालाही कळत नाही. हळू वळवलं की अंग सांगतं, सरळ आहे. थांबवलं की अंग सांगतं, उलटं वळतंय.

मग तेच लोक, तेच खोकं, फक्त म्हटलं की दांडीवर हात ठेवा. धरू नका, ओढू नका, नुसता ठेवा. आणि काय चमत्कार! दादासो दहापैकी नऊ वेळा बरोबर. तानाबाई दहापैकी दहा! विचारलं, कसं कळलं? म्हणाल्या, "कसं म्हंजे? अंगालाच कळतंय की." दांडी केसभर हलते हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. हाताला कळतं, हात अंगाला सांगतो, आणि माणूस म्हणतो मला आपोआप कळलं. हात काढला की तोच माणूस पोतं. कुठंही फिरवा.

हे कुठल्या पुस्तकात असेल-नसेल. मी स्वतः शोधलं. टर्नरनं!

आणि आता खरी गोष्ट. शेवटी मी बसलो. दादासो चाकावर. हात गुडघ्यावर.

दहापैकी दहा.

पुन्हा बसलो. दहापैकी दहा! दादासो झाकण उघडून तोंडाकडं बघतच राहिला. "आमास्नी कसं न्हाय कळत वो?" म्हटलं, तुझं अंग भाकरीनं जड झालंय.

पण हसण्यावारी नेलं तरी खरं ते खरं. कुणालाच नाही ते अल्लानं मला दिलंय. बिद्रीच्या ढगातही म्हणूनच मला कळलं, त्याला नाही. हजारात एक अंग, आणि ते त्यानं एका ओळीत मातीत घातलं.

८ नोव्हेंबर

बातमी आली! वरचा देतो म्हटलं की छप्पर फाडून देतो!

क्लबचे मोठे शिक्षक नोकरी सोडून जाणार आहेत. त्यांच्या जागी गणपतराव, नाहीतर बाहेरचा कोणीतरी. ठरवणार चेअरमन बाबासो. बाबासो म्हणजे गुळाची मोठी अडत, मोठा फेटा, विमानात एकदाच बसलेत आणि तेही डोळे मिटून. अठ्ठावीस तारखेला ते खोकं बघायला येणार.

दादासोकडून निरोप पाठवला की चेअरमन साहेबांना खोक्याचा एक खेळ दाखवीन. शिकवणाऱ्याच्या अंगाला डावं-उजवं कळतं का, याची परीक्षा. आधी गणपतराव बसतील, मग मी. बाबासो खूश! परीक्षा म्हणजे त्यांना कुस्तीच वाटली असणार.

मेहमुदाला सांगितलं. भाकरी थापता थापता थांबली. "तुमाला काय मिळनार हाय त्येच्यातनं? विमान?" नाही. "नोकरी?" नाही. "मग?"

मग काय! अब्बा बोळातून यायचे, ते मिळणार आहे. चार माणसांत तो खाली मान घालणार, ते मिळणार आहे.

"हात दाखवून अवलक्षण नको म्हंजे झालं," म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

१५ नोव्हेंबर

आज तो शेडमध्ये आला. एकटाच. काठी नाही घेत, पाय ओढत येतो. मी चाकाला ग्रीस लावत होतो.

"परीक्षा घेणार हाईस म्हनं माझी."

"चेअरमन साहेबांची इच्छा."

खुर्चीवर टेकला. पाय लांब केला. "नापास हुनार मी. कुनीबी हुईल. ढगात अंगावर इस्वास ठेवायचा न्हाय, ह्येच तर मी पोरास्नी शिकवतोय. काटा न्हायतर हात. तिसरं काय नसतंय."

"असतं," मी म्हणालो. "मला कळतं."

त्यानं बराच वेळ बघितलं माझ्याकडं. राग नव्हता, तेच जास्त झोंबलं. "किती येळा बसलास?"

"पन्नास वेळा. एक चूक नाही."

"हात कुठं असत्यात?"

"गुडघ्यावर. तेव्हा होते तिथंच."

उठताना खोक्याची कड धरली, दोनदा घसरला. मी हात दिला नाही. दारातून म्हणाला, "बरं. बघू." आणि गेला. चोराच्या मनात चांदणं!

२० नोव्हेंबर

दोन दिवस एकाच गोष्टीनं झोप नाही. आत बसून त्यानं गुपचूप दांडीवर हात ठेवला तर? झाकणाखाली कोण बघतंय! हात ठेवला की पास. त्याला हे ठाऊकच आहे – काटा न्हायतर हात, स्वतःच म्हणाला.

उपाय आज कामावरच सापडला. ब्ल्यू! आम्ही फिटर-टर्नर दोन भाग नीट टेकतात का बघायला एकाला ब्ल्यू फासतो – डबीतली तेलकट निळी. दुसरा भाग टेकवून काढला की जिथं टेकला तिथं निळं. ब्ल्यू कुणाची भीड धरत नाही. सुपरवायझर खोटं बोलेल, मापाचं गेज खोटं बोलेल, ब्ल्यू नाही.

दांडीच्या मुठीला पातळ थर. आत अंधार, मूठ काळी, दिसणार नाही. हात लावला की तळवा निळा. मग बाबासोंच्या समोर त्याचा हात उलटा करून दाखवायचा. नापास झाला तर बधीर, पास झाला तर चोर. दोन्हीकडून अडकला!

इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता. मेहमुदानं ही वही वाचू नये.

२७ नोव्हेंबर

उद्या.

२८ नोव्हेंबर

झालं! निघालं उट्टं!

सकाळी सगळ्यांच्या आधी गेलो. चिंधीनं मुठीला ब्ल्यू लावली. दोन्ही हात रॉकेलनं, मग साबणानं, मग पुन्हा रॉकेलनं धुतले. पांढरा शर्ट घातला. अकराला बाबासो आले, मागं चार-पाच माणसं, तानाबाईंनी चहा दिला. खोक्यात उजेड शिरू नये म्हणून शेडच्या खिडक्यांना पोती लावली होती.

आधी गणपतराव. पाय वाकत नाही म्हणून आत शिरतानाच हाल. झाकण लावलं. मी चाकावर. डावीकडं फिरवलं – "सांगा साहेब!" आतून शांतपणे – "सरळ वाटतंय." उजवीकडं – "सरळच." थांबवलं – "आता डावीकडं वाटतंय. पन खरं नसंल ते." दहा वेळा. एकही बरोबर नाही. बाबासो आधी हसले, मग हसायचे थांबले.

बाहेर यायला मी हात दिला. या वेळी मुद्दाम दिला. दोन्ही तळवे उलटे करून पाहिले, सगळ्यांसमोर. स्वच्छ. एक ठिपका नाही. थोडी निराशाच झाली, खोटं कशाला लिहू. त्यानं माझी नजर पाहिली, मग स्वतःच्या तळव्यांकडं पाहिलं, मग खोक्याकडं.

बाबासो म्हणाले, "ज्येला डावं-उजवं कळत न्हाय, त्यो पोरास्नी काय शिकवनार वो?"

"कुनालाच कळत न्हाय साहेब," तो म्हणाला. "म्हनून तर काटा बघायचा असतोय."

हेच! हेच पाहिजे होतं मला! म्हटलं, "कुणालाच नाही? बघा तर मग." आणि आत बसलो. झाकण बंद. हात गुडघ्यावर. दादासो चाकावर.

डावीकडं. उजवीकडं. उजवीकडं. थांबलं. डावीकडं... दहापैकी दहा! बाहेर टाळ्या! बाबासोंचा आवाज – "आरं तिच्यायला! ह्येला म्हनत्यात वैमानिक!" सात वर्षं हा आवाज ऐकायचा राहिला होता. अब्बा असते तर!

झाकण उघडलं तर समोर सगळ्यांत आधी तोच. कड धरून उभा. माझ्याकडं बघत होता, मग खाली बघितलं, आणि खिशातून रुमाल काढून एकदम माझा उजवा हातच धरला. रुमालासकट. दोन्ही हातांनी. बाबासो हात मिळवायला पुढं आलेत, तरी हा सोडेना. चोळतोय, दाबतोय. "शाब्बास," म्हणाला, "शाब्बास निसार." मग हात सोडला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच रुमालानं स्वतःचे हात पुसले! सगळ्यांसमोर! सात वर्षांनीही माझ्या हाताचा विटाळ!

बाबासोंनी तिथंच सांगितलं. मोठा शिक्षक बाहेरून आणायचा. आणि ज्याच्या अंगालाच काही कळत नाही त्यानं आता विमानात बसू नये, टेबलाचं काम बघावं. तो "बरं" म्हणाला. बस, बरं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रुमालानं हात पुसतो!

(तळव्याच्या रेषांत थोडी निळाई राहिलीय. सकाळी रॉकेल कमी पडलं.)

२९ नोव्हेंबर

कामावर जायच्या आधी कबरस्तानात गेलो. अब्बांना सगळं सांगितलं. मोठ्यानं. दहापैकी दहा म्हणालो. आता गल्लीच्या तोंडानं या म्हणालो.

रडू आलं. रडायचं काही कारण नव्हतं.

३० नोव्हेंबर

त्यानं टेबलाचं काम घेतलं नाही. राजीनामा दिला. गावी जाणार म्हणे. जाऊ दे.

मेहमुदानं ताट वाढलं आणि पाठ फिरवून चुलीपाशी बसली.

३ डिसेंबर

दादासो गेटवर आला होता. "इंगवले साहेबांचं टेबल रिकामं केलं. खणात ह्यो रुमाल ऱ्हायला. धुऊन पोचवावा म्हटलं. तुमी ब्ल्यूची कामं करता – ह्यो डाग कशानं निघंल वो?"

पांढरा रुमाल. मधोमध निळी चार बोटं आणि अर्धा तळवा.

त्यांचे हात मी स्वतः पाहिले होते. स्वच्छ होते. त्यांच्यानंतर खोक्यात एकच माणूस बसला.

उसात पडताना ते "सोड, सोड" म्हणत होते.

या वहीत सात वर्षांची आई-बहीण काढलीय मी त्या माणसाची. आता कुठं तोंड लपवू? पाळीला गेलो नाही. रुमाल धुतलेला नाही, तसाच घडी करून खिशात ठेवलाय. बाबासोंच्या अडतीवर निघालोय.